‘गेट बॅक टू यू’ म्हणजे ऑर्डर नव्हे!

कोटेशन पाठवलं की ग्राहक म्हणतो, ‘आय विल गेट बॅक टू यू.’ याचा अर्थ एवढाच : ‘विचार करून नंतर कळवतो.’ हा होकार नाही आणि नकारही नाही. त्या भरवशावर कच्चा माल भरलात, तर भांडवल अडकून पडतं. तिथल्या तिथे विचारा, ‘बाय व्हेन?’ तारीख डायरीत लिहा आणि त्या दिवशी स्वतः फोन करा.

तुम्हीही हे वाक्य वापरा, पण वेळ सांगून : ‘आय विल गेट बॅक टू यू बाय फाइव्ह.’ मग पाचच्या आत कळवाच.

एक सांभाळा. ‘टू’च्या जागी ‘अ‍ॅट’ म्हणालात, तर अर्थ होतो ‘तुमचा सूड घेईन’!

तुमची अशी किती कोटेशनं लटकली आहेत? आजच एक फोन लावा.