सरकारी मालमत्तेचा ई-लिलाव : नियम आणि व्यवहार

पोलीस ठाण्याच्या आवारात गवताने वेढलेली, गंज चढलेली वाहने आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांतील बहुतेकांमागे एखादे प्रलंबित प्रकरण असते आणि दर पावसाळ्यागणिक त्यांची किंमत घटत जाते. सरकारी कार्यालयांतील मोडक्या कपाटांची व जुन्या संगणकांची अवस्थाही फारशी वेगळी नाही. मात्र कायद्याच्या दृष्टीने या दोन ढिगांमध्ये मूलभूत फरक आहे. कपाट शासनाच्या मालकीचे असते. जप्त वाहन केवळ शासनाच्या ताब्यात असते. जप्तीने ताबा बदलतो, मालकी नव्हे. मालकी बदलण्यासाठी माल सरकारजमा केल्याचा आदेश लागतो. परीक्षार्थी या दोन संज्ञांची हमखास गल्लत करतात.

प्रथम स्वतःच्या मालकीच्या मालाचा विचार करू. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 217 नुसार, वस्तू अतिरिक्त, कालबाह्य वा निरुपयोगी ठरविताना सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदविणे आवश्यक आहे. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे वा गैरव्यवहारामुळे वस्तू निकामी झाली असल्यास जबाबदारीही निश्चित करावी लागते. म्हणजे भंगारात काढणे हा चूक झाकण्याचा मार्ग ठरू नये. या नियमांनुसार दोन लाख रुपयांहून अधिक अवशिष्ट मूल्याच्या मालाची विक्री जाहीर निविदा किंवा सार्वजनिक लिलाव यांद्वारेच करावयाची असते.

हा लिलाव संगणकावर आणण्यात पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील, 1964 मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या एमएसटीसी लिमिटेडचा वाटा मोठा आहे. खरेदीदार नोंदणी करतो, बयाणा रक्कम भरतो, प्रत्यक्ष जाऊन माल पाहतो आणि ठरलेल्या वेळेत बोली लावतो. अखेरच्या काही मिनिटांत नवी बोली आल्यास मुदत आपोआप वाढते, त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली लावून इतरांना चकविता येत नाही. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. नंतर दोषाची तक्रार सहसा चालत नाही.

जुन्या पद्धतीत मूठभर भंगार व्यापारी आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर भाव ठरवून आत येत. संगणकीय लिलावात बोली लावणाऱ्यांची ओळख झाकलेली राहते आणि दूरच्या शहरातील व्यापारीही सहभागी होऊ शकतो. पण संगनमत दूरध्वनीवरही होते! म्हणूनच स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 मध्ये संगनमताने बोली लावण्यास मनाई आहे. खरी मदार राखीव किमतीवर आणि मालाच्या गटवारीवर असते. तांब्याची तार व कुजलेले लाकूड एकाच गटात घातल्यास तांबे घेणारा लाकडाच्या उचलखर्चाचा विचार करून बोली कमी लावतो. हा दोष कोणतीही संगणकप्रणाली दूर करू शकत नाही. तो कोठारपालाच्या टेबलावरच टाळावा लागतो.

सीमाशुल्क अधिनियम, 1962 मध्ये मालकाच्या हिताची तरतूद अधिक स्पष्ट दिसते. बंदरावर उतरलेला माल 30 दिवसांत सोडवून नेला नाही, तर कलम 48 नुसार आयातदाराला सूचना देऊन तो विकता येतो. विक्रीच्या रकमेतून कलम 150 नुसार आधी विक्रीखर्च, मग वाहतूक, शुल्क आदी देणी क्रमाने भागविली जातात आणि उरलेली रक्कम मालकाला मिळते. अर्थात, जप्त केलेली प्रत्येक वस्तू विक्रीयोग्य नसते. अंमली पदार्थ सामान्यतः नष्टच करावे लागतात.

फौजदारी खटल्यांतील मालाबाबत सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (2002) या प्रकरणात असे बजावले होते की, जप्त वस्तू पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा अधिक काळ पोलीस ठाण्यात ठेवू नयेत. तरीही आवारे रिकामी झाली नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये आता मुदती घातल्या आहेत : माल हजर केल्यापासून 14 दिवसांत न्यायालयाने त्याचे वर्णनपत्र तयार करावयाचे, छायाचित्रे व गरजेनुसार चित्रफीत घ्यावयाची आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा. वाहन विकले गेले तरी खटला अडत नाही, कारण हे वर्णनपत्र व छायाचित्रे पुढील सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येतात.