फाइल देणाऱ्याने डेटम लिहून द्यायलाच हवा

खानदेशात नकाशे एकमेकांवर बसवण्याचं काम करणाऱ्याला एक वाक्य ठरलेलं ऐकावं लागतं: ‘तुमच्याकडे आल्यावरच नकाशा सरकला.’ मला ते आजही झोंबतं, कारण ते खोटं आहे. नकाशा देणाऱ्याच्या फाइलमध्येच चुकलेला असतो. जोडताना ती चूक फक्त उघडी पडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो), पॉलिकॉनिक प्रक्षेपणात आहेत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणातून आलेल्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस 84 डेटमवर, यूटीएम प्रक्षेपणात आहेत. मोबाइलचं जीपीएसही डब्ल्यूजीएस 84 वरच चालतं. अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच ठेवून नुसता डेटम बदलला, तरी आपल्याकडे जागा शंभरेक मीटरने हलते. असं असताना जुन्या शीटवरून उतरवलेले नाले आणि विहिरी ‘लॅट-लाँग आहे’ एवढंच सांगून हातात ठेवल्या जातात. मग रावेरची विहीर शेजाऱ्याच्या केळीत दिसली की चोर सोडून संन्याशाला फाशी.

यावर म्हणतात, जिल्ह्याच्या नकाशात शंभर मीटरचं काय एवढं? भिंतीवर लावायच्या नकाशात काहीच नाही. पण एक एकराचं चौकोनी शेत जेमतेम 64 मीटर बाजूचं असतं. शंभर मीटर सरकलं की ते पूर्णच्या पूर्ण दुसऱ्याच्या गटात जातं. दुसरं म्हणणं असं की सॉफ्टवेअर आपोआप जुळवून घेतं. घेतं, पण फाइलवर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवून. नाव चुकीचं असेल तर ते चूकच इमानेइतबारे जुळवतं. ‘हाताने थोडं सरकवून घ्या’ हा सल्ला तर सर्वांत घातक: एका कोपऱ्यात बसवलेला नकाशा दुसऱ्या कोपऱ्यात सुटतो, आणि काय केलं याची नोंदही मागे राहत नाही.

म्हणून फाइल उघडताच आधी आकडे वाचा. 74-76 आणि 20-21 दिसले तर ते अंश. लाखांत दिसले तर मीटर. यूटीएमच्या 43 व्या झोनची मध्यरेषा, 75 अंश पूर्व, अमळनेरच्या किंचित पश्चिमेकडून जाते. त्यामुळे धुळे शहराचं ईस्टिंग पाच लाखांच्या आत, जळगावचं पाच लाखांच्या वर आणि दोघांचं नॉर्दिंग 23 लाखांच्या आसपास यायला हवं. एवढं जुळलं तरी डेटम सिद्ध होत नाही. तो देणाऱ्याकडून लेखीच घ्या. क्यूजीआयएसमध्ये ‘असाइन प्रोजेक्शन’ फक्त नाव बदलतं, आकडे बदलतं ते ‘रीप्रोजेक्ट’. निम्मे घोटाळे इथेच होतात. क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये सरळ मोजू नका, आपल्या अक्षांशावर ते सुमारे 15 टक्के फुगतं आणि 40 गुंठ्यांचा एकर 46 गुंठ्यांचा होतो. जुन्या गटनकाशांना अक्षांश-रेखांश नसतातच. ते बसवताना पांझरा-गिरणा नद्यांचं वळण धरू नका, पात्र बदलतं. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड धरा. मूळ फाइलची प्रत जपा, घाई करू नका.

डेटम, प्रक्षेपण आणि मूळ नकाशाचं साल या तीन गोष्टी लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ ज्या फाइलसोबत नाही, ती फाइल ताब्यात घेऊ नका. एकदा सही करून घेतली की पुढचं सगळं खापर तुमच्याच डोक्यावर फुटणार आहे.