खर्चाआधी एक प्रयोग

विद्यार्थी मित्रहो, जुन्या संगणकावर खेळ अडखळू लागला, की साठवलेले पैसे नव्या ग्राफिक्स कार्डावर घालावेसे वाटतात. पण थांबा! दोष नेमका कोठे आहे, हे आधी शोधू या.

पडद्यावरील प्रत्येक चित्र दोघे मिळून तयार करतात. कोण कोठे हलले, याचा हिशेब प्रोसेसर करतो. ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांत जो मंद, त्याच्याच गतीने खेळ चालतो.

संगणक बंद करून पंख्यांवरची धूळ झाडा, कारण तापलेले भाग आपला वेग कमी करतात. खेळातील व्ही-सिंक व चित्रसंख्येची मर्यादा बंद करा. मग एकच प्रसंग १९२० × १०८० ठिपक्यांवर खेळून दर सेकंदाची चित्रसंख्या वहीत लिहा. बाकी काही न बदलता तोच प्रसंग १२८० × ७२० वर खेळा. ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर, म्हणजे निम्म्याहून खाली आले.

चित्रसंख्या बरीच वाढली, तर कार्ड कमी पडते आहे. जवळजवळ तेवढीच राहिली, तर अडचण बहुधा प्रोसेसरची होय; मग नव्या कार्डाने खिसा रिकामा होईल, खेळ मात्र अडखळतच राहील.