गीता १७.२०–२२ : छत दिलं, आदराचं काय?



आजचे श्लोक दानाचे. परतफेडीची आशा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं राजस. अनादराने, तुच्छ लेखून दिलेलं तामस. म्हणजे वस्तू तीच, पण देण्याच्या पद्धतीने दान बदलतं.

हे २०२० ला लावून बघूया. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. इथे ओव्यात आम्ही आयटीवाले लॅपटॉप उघडून घरात बसलो. पण 'घरी राहा' हे पाळायला आधी घर लागतं. आणि जे कित्येक वर्षं रस्त्यावर काढून नुकतेच छताखाली आले होते, त्यांचं काय?

आपल्या जवळच, कर्जतला, डॉ. भरत वाटवानींची 'श्रद्धा' संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबाकडे पोहोचवणं हे तिचं काम. त्यासाठी डॉक्टरांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता विचार करा, प्रवासी गाड्याच बंद झाल्या तर बरा झालेला माणूससुद्धा घराच्या वाटेवर अडकतो.

ज्यांना परतायला कुटुंबच नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू केलं. आपल्या रत्नागिरीतही ते आहे. साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जण एकत्र, मदतीला एक माणूस.

साथीत अशा घराचा अर्थ कळतो. मोठ्या वॉर्डापेक्षा इथे अंतर राखणं सोपं. पण दार बंद झालं की 'पुन्हा कोंडलं, पुन्हा टाकून दिलं' ही जुनी भीती वर येऊ शकते. उपाशी दिवस काढलेल्यांना टंचाई नवी नसते. तुटलेपण मात्र पुन्हा नको असतं. तिथे आधार देतात त्या साध्या गोष्टी: ठरलेल्या वेळचा चहा, न चुकलेली गोळी, स्वयंपाकातला आपला वाटा, आणि बाहेर का जायचं नाही हे न ओरडता समजावणारं कुणीतरी.

श्लोकातला आदर तो हाच. छत एकदा देता येतं, आदर रोज द्यावा लागतो.

आजचा संकल्प : स्टेशनबाहेर कुणाला काही द्याल, तेव्हा फोटो काढू नका. आधी नाव विचारा. काय हवंय तेही विचारा.

राम कृष्ण हरी!