ऋण जाणणारा व्यापारी : सत्यनारायण गोएंका

बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडू लागले की सोनेरी पॅगोडा दुरूनच दृष्टीस पडतो. आत एकही खांब नाही. दगडांत दगड गुंतवून उभारलेल्या त्या घुमटाखाली सुमारे 8,000 साधक एकाच वेळी ध्यानास बसू शकतात. ही वास्तू ज्यांच्या संकल्पनेतून साकारली, ते सत्यनारायण गोएंका भिक्खू नव्हते. ते गृहस्थ होते आणि व्यापारी होते.

1924 साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका सनातनी मारवाडी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुण वयातच त्यांनी उद्योगात मोठे यश मिळविले. परंतु अर्धशिशीने त्यांना ग्रासले. वेदना असह्य झाल्या की मॉर्फिनची सुई टोचून घ्यावी लागे. युरोप, अमेरिका, जपान येथील डॉक्टर झाले. गुण आला नाही. अखेर 1955 साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन सरकारी महालेखापाल होते आणि विपश्यनेचे आचार्यही. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी आलेल्या या धनिकाला त्यांनी प्रथम प्रवेश नाकारला. चित्तशुद्धीचा हेतू मान्य केल्यावरच दार उघडले. पैशाने न मिळणारी गोष्ट गोएंकांनी तेथे पाहिली.

पुढे लष्करी राजवटीने उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांचे कारखाने गेले, साधना राहिली. ही विद्या भारताने ब्रह्मदेशाला दिली, ते ऋण फेडले पाहिजे, असे ऊ बा खिन म्हणत. 1969 साली आजारी मातेच्या भेटीसाठी गोएंका भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. 1994 साली तिहार कारागृहात हजाराहून अधिक बंदिवान एकत्र शिबिरास बसले.

त्यांच्या शिबिरांची एक रीत व्यापारी नजरेला विक्षिप्तच वाटेल. दहा दिवसांची शिकवण, निवास, भोजन यांचे शुल्क नाही. दान द्यायचे, तर आधी शिबिर पूर्ण केलेले असावे लागते. त्या दानातून आपला खर्च फेडायचा नसतो. पुढे येणाऱ्या अनोळखी साधकाची सोय करायची असते. ज्याला लाभ झाला, त्यानेच द्यावे आणि पुढच्यासाठी द्यावे, असा हा हिशेब आहे.

गोराईचा पॅगोडाही अशाच कृतज्ञतेतून उभा आहे. ब्रह्मदेशाने ही विद्या जपली, त्याची आठवण म्हणून त्याला रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचे रूप दिले. 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 2012 साली गोएंकांना पद्मभूषण मिळाले आणि 29 सप्टेंबर 2013 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वसतिगृहाच्या पंगतीत जेवून मोठे झालेल्यांना हा हिशेब नवा नाही. आपल्या ताटातील अन्न कोणी दिले, हे आपल्यापैकी कितीकांना ठाऊकही नसेल. त्या दात्याला ते परत करता येणार नाही. मात्र आज त्याच पंगतीत बसणाऱ्या मुलाच्या ताटात घालता येईल. एवढे केले, तरी या व्यापाऱ्याचा धडा आपण शिकलो, असे म्हणता येईल.