फुफ्फुसार्बुद आणि स्थानिक व्याधिक्षमत्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २८व्या अध्यायात व्याधिक्षमत्वाचा विचार आला आहे. टीकाकार चक्रपाणी त्याची दोन अंगे सांगतात : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध. फुफ्फुसाच्या कर्करोगात यांपैकी पहिल्या अंगाचे काय होते, हे आधुनिक संशोधनाच्या आधारे पाहणे चिकित्सकास उपयुक्त आहे.

प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यामुळेच अर्बुद वाढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु शस्त्रक्रियेने काढलेल्या अर्बुदाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात अनेकदा प्रतिकारपेशींची दाटी आढळते. अर्बुदपेशी ओळखून मारणाऱ्या सीडी-८ टी पेशी तेथे असतात. काही ठिकाणी बी व टी पेशींचे, लसिकाग्रंथीची आठवण करून देणारे पुंजकेही दिसतात. हे दोन्ही विपुल असलेल्या रुग्णांत रोगाचे भवितव्य सामान्यतः बरे असते.

मग अर्बुद टिकते कसे? कारण हा प्रतिकार जागच्या जागी थोपविला जातो. नियामक टी पेशी मारक पेशींना आवरतात. भक्षकपेशी अर्बुदाच्या प्रभावाने त्याच्याच वाढीस साहाय्य करू लागतात. शिवाय अर्बुदपेशीवरील पीडी-एल-१ हे प्रथिन टी पेशीवरील पीडी-१ ला जोडले जाऊन ती पेशी निष्क्रिय होते. पीडी-१ चा शोध जपानमधील तासुकु होन्जो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासमवेत मिळाले. ही जोडणी रोखणारे निव्होलुमॅब २०१५ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी संमत झाले.

येथेच आपली जबाबदारी सुरू होते. लगाम सुटलेल्या टी पेशी फुफ्फुस, आतडे, यकृत, अवटुग्रंथी अशा निरोगी अवयवांवरही आघात करू शकतात. त्यामुळे ही चिकित्सा घेणाऱ्या, किंवा पूर्वी घेतलेल्या, रुग्णास नव्याने कास वा श्वास उद्भवल्यास नेहमीची कासश्वासहर औषधे देत कालहरण करू नये. तो औषधजन्य फुफ्फुसशोथ असू शकतो व विलंब प्राणावर बेतू शकतो. अतिसार वा कामला दिसल्यासही रुग्णास तत्काळ कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयचालकांनीही ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ म्हणून रसायनकल्प देण्यापूर्वी रुग्णाची चालू चिकित्सा विचारावी व कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीविना तो देऊ नये. अर्बुदस्थानी बल नाही असे नव्हे. ते कोणी रोखले आहे व कोणी मोकळे केले आहे, हे जाणणे महत्त्वाचे.