सरचार्जचा धनी आधी ठरव

पोरी, यंदाच्या द्राक्ष हंगामापासून युरोपच्या कंटेनरचं बुकिंग तू बघणार. बाग, पॅकहाउस, प्रीकूलिंग यातलं तुला चांगलं कळतं. पण कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत गेला की पुढचा मोठा खर्च समुद्रभाड्याचा. त्यात मूळ भाड्यापेक्षा त्याच्या मागून येणारे सरचार्जच निर्यातदाराला जास्त दमवतात. म्हणून जुन्या माणसांनी मला दिलेलं सूत्र तुला देतो: सौदा पक्का होण्याआधी प्रत्येक सरचार्जला धनी ठरलेला असावा. खरेदीदार असो की आपण, पण ठरलेला असावा. ज्याला धनी नाही तो सरचार्ज फिरून फिरून शेतकऱ्याच्या किलोच्या भावावर येऊन बसतो.

१. आधी कारण विचार, मग रक्कम.
नावं पुष्कळ आहेत, पण कारणं चारच. पहिलं इंधन. बंकरचा, म्हणजे जहाजाच्या इंधनाचा, दर वर गेला की बंकर सरचार्ज वर जातो. रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, जहाजाची वीज लागते, म्हणून आपल्याला तो साध्या कंटेनरपेक्षा जास्त पडतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि महाग इंधनाचा बोजा भाड्यावर आला. २०२४ पासून युरोपियन युनियनचा कार्बनचा खर्चही त्यात आला. बाहेरून युरोपात जाणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन त्यात धरतात. त्यातल्या २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांचे परवाने कंपन्यांना द्यावे लागले, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण. म्हणून मागच्या हंगामाचा आकडा यंदा धरू नकोस.

दुसरं कारण मागणी. पीक सीझन सरचार्ज आणि जीआरआय, म्हणजे सरसकट दरवाढ, या वर्गातले. तिसरं संकट, म्हणजे युद्ध, बंदरावरची कोंडी, लांबचा वळसा. चौथं बंदर आणि कागदपत्रं: टीएचसी (बंदरातल्या हाताळणीचा आकार), सील, बीएल (बिल ऑफ लेडिंग) फी, रीफरचं प्लग-इन (वीजजोडणी).

कारण कळलं की बोलायचं कुठे तेही कळतं. इंधनाचा सरचार्ज सूत्रावर चालतो, तिथे घासाघीस फारशी होत नाही. मात्र बऱ्याच कंपन्या तो तिमाहीला जाहीर करतात, तो तक्ता मागून घे. मागणीच्या सरचार्जवर मात्र बोलता येतं, पण ते हंगामाआधी. जानेवारी ते एप्रिल सगळा नाशिक जिल्हा रीफर शोधत असतो, तेव्हा तुझं कोण ऐकणार? किती आठवडे, आठवड्याला किती कंटेनर, हे डिसेंबरच्या आधीच लिहून दे आणि त्या बदल्यात दर बांधून घे.

२. कोटेशनमधली बारीक अक्षरं मोठ्याने वाच.
'ऑल-इन' लिहिलं म्हणून सगळं आलं असं धरू नकोस. आत काय काय आहे, त्याची यादी फॉरवर्डरकडून मेलवर घे. खाली 'सब्जेक्ट टु' म्हणून जे लिहिलेलं असतं, खरा दर त्यात असतो. 'शिपमेंटच्या वेळी लागू असेल तो सरचार्ज' असं वाक्य दिसलं तर तो दर नव्हे, अंदाज आहे असं समज. फोनवरचा दर म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आणि एकक बघ. काही सरचार्ज कंटेनरमागे असतात, काही टीईयूमागे. आपला ४० फुटी रीफर म्हणजे दोन टीईयू. त्यात साधारण १३ टन द्राक्षं बसतात. समज, सरचार्ज ६५० डॉलर आहे. कंटेनरमागे असेल तर किलोला ५ सेंट. टीईयूमागे असेल तर १,३०० डॉलर, म्हणजे किलोला १० सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर एकीकडे सव्वाचार रुपये, दुसरीकडे साडेआठ. बागेत उभं राहून आपण एकेका रुपयासाठी बोलणी करतो आणि इथे एक शब्द न वाचल्याने किलोमागे सव्वाचार रुपये जातात. म्हणून सरचार्ज आला की लगेच त्याला किलोवर आण. डॉलरमध्ये तो लहान दिसतो, किलोवर आणला की त्याचं वजन कळतं.

३. कुठली तारीख धरणार ते विचार.
नवा सरचार्ज '१ तारखेपासून' असतो. पण १ तारखेला काय व्हायला हवं? कंटेनर गेट-इन, की जहाज सुटणं? कंपनीकंपनीचा नियम वेगळा. जहाज दोन दिवस उशिरा सुटलं तर जुन्या दराचा माल नव्या दरात जाऊ शकतो. महिनाअखेरच्या बुकिंगला हे आधी विचारायचंच.

४. सौद्याची अट नीट लाव.
एफओबी विकलं तर समुद्रभाडं आणि त्याचे सरचार्ज खरेदीदाराचे, पण इथली टीएचसी आपलीच. सीएफआर किंवा सीआयएफ विकलं तर भाडं आपलं, मग मधेच आलेला सरचार्जही आपलाच. अशा करारात एक ओळ घाल: कराराच्या तारखेनंतर लागू झालेला नवा किंवा वाढलेला सरचार्ज पुराव्यासह खरेदीदाराच्या खाती जाईल. पूर्ण मान्य नसेल तर निम्मानिम्मा कर, पण ओळ हवी. माल कन्साइनमेंटवर (आधी विक्री, मग हिशेब) जातो तेव्हा हे आणखी जपायचं, कारण अकाउंट सेलमध्ये, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, भाडं आणि खर्च वजा होऊनच पैसे येतात. किमान हमीचा भाव ठरवताना तो कुठला खर्च धरून आहे ते कागदावर असू दे.

५. युद्धाचा सरचार्ज म्हणजे विमा नव्हे.
नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. आपला हंगाम नेमका तोंडावर होता. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला, रिकामे रीफर परत यायला उशीर झाला आणि एकामागून एक सरचार्ज लागले. काहींनी तर पाण्यावर असलेल्या मालालाही ते लावले.

त्यातून दोन गोष्टी पक्क्या धर. एक, वॉर रिस्क सरचार्ज जातो तो जहाज कंपनीच्या खर्चापोटी. तुझ्या द्राक्षांचा युद्धविमा त्यात नसतो, आणि नेहमीच्या मालविम्यातही युद्ध आपोआप येत नाही, ते कलम वेगळं घ्यावं लागतं. दुसरं, केवळ उशिरामुळे झालेलं नुकसान नेहमीच्या मालविम्यात बसत नाही. म्हणून लांबच्या वाटेला विम्याचा भरवसा धरू नकोस. घट्ट, टिकाऊ मालच त्या जहाजावर चढव आणि प्रीकूलिंगमध्ये घाई करू नकोस.

६. रुपयात भरताना डॉलरचा भाव बघ.
कंपन्या बिल रुपयात करताना स्वतःचा विनिमय दर लावतात आणि तो बँकेपेक्षा वर असतो. ४,००० डॉलरच्या बिलावर दोन रुपयांचा फरक म्हणजे ८,००० रुपये. त्याला सरचार्ज असं नाव नाही, पण जातो तो आपल्याच खिशातून. दोन कंपन्यांची कोटेशनं लावून बघताना हा दरही लाव.

७. फ्री दिवस दराइतकेच मोलाचे.
रोटरडॅमला कंटेनर उतरल्यावर किती दिवस फुकट, प्लग-इन किती दिवस, हे बुकिंगच्या वेळीच ठरव. बंदरात कोंडी झाली की डेमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर अडकून पडल्याचा आकार) दिवसागणिक चढतं. त्याआधी चार दिवस जास्त मागणं सोपं, नंतर बिल माफ करून घेणं अवघड.

८. बिल ओळीओळीने तपास.
कोटेशन आणि बिल शेजारी ठेवून टिक कर. आधी न सांगितलेली ओळ दिसली तर त्याच दिवशी मेल टाक, कारण पैसे भरल्याशिवाय बीएल सुटत नाही आणि बीएलशिवाय खरेदीदाराकडे कागद जात नाहीत. बीएल अडू नये म्हणून पैसे भरावे लागले तरी 'आक्षेप राखून भरत आहोत' असं लिहूनच भर.

शेवटचं, शेतकऱ्याचं.
हे सगळं करूनही एखादा सरचार्ज असा येईल की त्याला खरेदीदार तयार नाही आणि कंपनी सोडत नाही. त्यासाठी भाव काढतानाच किलोमागे थोडी रक्कम राखून ठेव आणि ती राखली आहे हे बागायतदाराला भाव देतानाच सांग. काढणी झाल्यावर 'भाडं वाढलं' म्हणून ठरलेला भाव खाली आणायचा नाही. त्याचा माल झाडावरून उतरलेला असतो, त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. हंगाम संपल्यावर राखीव रकमेचा हिशेब त्याच्यासमोर ठेव, कुठल्या सरचार्जला किती गेले ते बिलासकट दाखव आणि उरलेली रक्कम ज्याची त्याला दे. पुढच्या वर्षी चांगली बाग तुझ्यासाठी राखायची की दुसऱ्याला द्यायची, हे तो त्या हिशेबावरून ठरवतो.